सात दिवसांची मुदत

जयराजने पाचशेची नोट टेबलावर ठेवली आणि पावतीसाठी हात पुढे केला.

"ह्या वर्षातला चौथा दंड, राजेश्वरीताई. तुमची गाडी रोज आली तरी परवडतंय आपल्याला. चहा मात्र आमच्याकडंच घेत चला."

राजेश्वरीने मान वर न करता पावती फाडून दिली. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात ती वरिष्ठ लिपिक होती. जयराजच्या मंगल कार्यालयाची जेवणाची शेड रस्त्यावर बारा फूट पुढे आलेली, हे चारदा टेप लावून मोजून झालं होतं. दंड तीस वर्षांपूर्वी ठरलेला. एका पंगतीच्या जिलबीएवढाही नाही.

तो जिना उतरला, तशी तिनं शुल्कवाढीच्या प्रस्तावाची फाईल ओढली. दुसऱ्या पाहणीपासून प्रत्येक खेपेचा खर्च मालकाकडून. पाडकामाचं यंत्र, डिझेल, मजुरी, पोलीस बंदोबस्त, सगळं मालकाकडून. प्रस्ताव अख्ख्या शहरासाठी होता. लिहिताना तिच्या डोळ्यांपुढं मात्र एकच शेड होती.

अकरा वर्षांपूर्वी हाच जयराज बांधकाम समितीचा सभापती होता. विठ्ठल मंदिरामागं तिच्या वडिलांची, कोंडीबांची, मृदंग मढवायची टपरी होती. सप्ताहाच्या पहिल्याच पहाटे कोंडीबा काकड्याला उभे असताना जयराजने नोटीस न देता टपरीवर पाडकामाचं यंत्र घातलं. गावोगावच्या भजनी मंडळांचे चौदा मृदंग आत होते. कोंडीबा आरती पुरी करूनच बाहेर आले. "देवाची मर्जी," एवढंच बोलले. पुन्हा त्यांनी मृदंगाच्या तोंडावर भरायच्या शाईला हात लावला नाही. कीर्तन मात्र एकही चुकवलं नाही. लोक म्हणत, संत माणूस.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं प्रस्तावाचा मसुदा वडिलांपुढं ठेवला आणि पीठ मळायला बसली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला.

"यंत्र न्यायच्या आधी मुदत किती?"

"न्हाई ठेवली, आप्पा."

"सात दिवस ठेव."

परातीतला तिचा हात थांबला.

"सात दिवसांत तो सोताच काढून घील की! सगळा खर्च वाचंल त्येचा. तुमाला दिलती का कुणी मुदत?"

"न्हाई दिली. म्हणूनच म्हणतोय, ठेव. माणसाला येळ पायजे, बाई."

तिनं परात आदळली. पण वडिलांचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. मुख्याधिकारी क्षमा मॅडमनी नेमकं सात दिवसांच्या ओळीचं कौतुक केलं. प्रस्ताव मंजूर झाला तेव्हा सभेत कुणीतरी म्हणालं, "कोंडीबांची लेक. मन बापाचंच." राजेश्वरीला ते गिळवलं नाही.

सोमवारी मंगल कार्यालयाच्या फाटकावर पहिली नोटीस लागली. यंत्र आलंच, तर सव्वादोन लाख. त्या दिवशी चहाचं आमंत्रण आलं नाही.

बुधवारी कीर्तन संपलं. रीतीप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. जयराज गर्दीतून वाट काढत कोंडीबांपुढं वाकला. राजेश्वरी त्यांच्या मागंच उभी होती.

"आप्पा, मुदत तुमीच घालाया लावली म्हणं. लय मोठं मन तुमचं. मला तर तोंड दाखवायला जागा न्हाई."

कोंडीबांनीही वाकून त्याच्या पायांना हात लावला.

"काढाया घेतली का शेड?"

"घेतली. आमचीच माणसं लावल्यात. दोन कोपरं उतरलं."

"तू असतोस का तिथं उभा?"

"असावं लागतंय. थोरल्या पोरीचं लगीन त्याच शेडमंदी लावलं हुतं, आप्पा. एकेक पत्रा खाली येतोय तसं..." त्याला पुढं बोलवेना.

"झोप लागती का रं?"

"न्हाई. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई."

कोंडीबांनी चिमटीत बुक्का घेतला आणि अंगठ्यानं सावकाश त्याच्या कपाळावर लावला.

"अजून चार दिवस हाईत," ते मायेनं म्हणाले. "शेवटचा पत्रा उतरंपतूर हलू नगंस तिथनं."

जयराजचे डोळे भरून आले. त्यानं पुन्हा पाय धरले.

घरी येताना राजेश्वरी वडिलांच्या दोन पावलं मागं राहून चालत होती. एकदाही तिनं त्यांना गाठलं नाही.

जेवताना आप्पांनी अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिसरी भाकरी मागून घेतली.