दसऱ्याचा स्नोबोर्ड

दसऱ्याच्या सकाळी सिंगापुरातल्या पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या नवऱ्याने, सौमित्रने, पूजेसाठी पाटावर त्याचा लॅपटॉप मांडला. मी शेजारी माझा स्नोबोर्ड आणून ठेवला.

पुण्याहून आलेल्या सासूबाई चपापल्या. "वल्लरी, अगं ज्याच्यावर पाय द्यायचा, त्याची पूजा?"

"आई, तुमचं शिवणाचं मशीनही तुम्ही पायानेच चालवायचात. दर दसऱ्याला त्याला हार कोण घालायचं?"

सासूबाईंनी हळदकुंकवाचं तबक जवळ ओढलं.

सिंगापुरात बर्फ पडत नाही, हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. माझ्या चांगीच्या ऑफिसातले तर अजूनही सांगतात. मग काय झालं? इथल्या एका हॉलमध्ये बर्फाऐवजी सरकत्या गालिच्याचा उतार आहे. त्यावर मी वर्षभर दर शनिवारी आपटले, उठले, परत आपटले. आता झोकात वळणं घेते. जानेवारीत जपानच्या एका गजबजलेल्या स्की रिसॉर्टवर मी थेट वरच्या उतारावर जाणार आहे. सौमित्रही येतोय. त्याने नुसते व्हिडिओ पाहिलेत.

सासूबाईंनी आधी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. मग क्षणभर थांबून बोर्डालाही वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि वाकून नमस्कार केला.

दुपारी जेवणं झाल्यावर सौमित्रने हार बाजूला काढून बोर्ड जमिनीवर आडवा ठेवला. "आई, इकडे बघ. यावर उभं कसं राहायचं ते दाखवतो," म्हणत त्याने पाय उचलला.

"खबरदार," ताटं उचलता उचलता सासूबाई म्हणाल्या. "त्याच्यावर पाय द्यायचा तो फक्त तिने."