निर्झर नगरीतलं मेहूण

क्रांती चौकात उभ्या असलेल्या बसच्या मागे जाऊन उमाने पर्समधून मंगळसूत्र काढलं, गळ्यात घातलं आणि ओढणी सारखी करत विचारलं,

"दिसतंय ना?"

"दिसतंय," बद्रीनाथ म्हणाला. "एका बाजूचे मणी उडालेत पण."

"संसारात उडतात. चल. आणि बसमध्ये माझ्याशी फार बोलू नकोस. नवरे बोलत नाहीत."

बसच्या दारात पांढऱ्या कपड्यांतले काकासाहेब उभे होते. शहराभोवती जो कुणी प्लॉटिंग पाडेल, त्याच्यासाठी गिऱ्हाइकं भरून न्यायचा त्यांचा धंदा होता. या दोघांना बघून त्यांनी गॉगल कपाळावर चढवला.

"या देशमुख, या वहिनी! तुमच्यासाठी खिडकी पकडून ठेवलीय. आज पडेगावच्या पुढं. एकदम चकाचक साईट!"

हा उद्योग पोटापायी सुरू झाला होता. मागच्या पावसाळ्यात, म्हणजे कॅलेंडरात ज्याला पावसाळा म्हटलं होतं त्या महिन्यांत, विद्यापीठाजवळच्या मेसवाल्याने रविवारची चूल बंद केली. धान्य होतं, भांडी घासायला पाणी नव्हतं. त्याच आठवड्यात बद्रीनाथने पेपरातली जाहिरात वाचली: मोफत साईट व्हिजिट, जेवणासह, सहकुटुंब या. एकट्या पोरांना बसमध्ये घेत नव्हते, ती नुसती जेवून जातात हा अनुभव होता. तेव्हा त्याने वर्गातल्या उमाला विचारलं. उस्मानपुऱ्यातल्या तीन पिढ्यांच्या कारकुनी घरातली ही मुलगी रागावेल असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त एवढंच विचारलं, "पुरी असते की पोळी?"

आडनावही तिनेच काढलं. देशमुख हे तिच्याकडेही असतात आणि शेतीवाल्या बद्रीनाथकडेही असतात, त्यामुळे चेहरा बघून कुणी शंका घेत नाही. पहिल्या नावाचं काम कधी पडलं नाही. उमा त्याला चारचौघांत 'अहो' म्हणायची, त्याच्याबद्दल बोलताना 'हे' म्हणायची, आणि नवऱ्याचं नाव तोंडाने न घेणाऱ्या बायकोवर माणसं लगेच विश्वास ठेवतात.

वर्षभरात दोघांनी शहराभोवतीचं माळरान पालथं घातलं. वाळूजच्या पलीकडे, शेंद्र्याच्या अलीकडे, बिडकीनच्या रस्त्याला. दोघं लोकप्रशासन शिकत होते. शहर कसं वाढतं याचा धडा पुस्तकात होता, पण खरं शहर चुन्याच्या फक्कीने वाढत होतं. काल बाजरी जळालेल्या वावरात आज पांढऱ्या रेघा आणि मधोमध एक कमान. कमानीवरची नावं सगळी पाण्याची. एका साईटवर पोहण्याचा तलाव खणून ठेवला होता. त्यात शेळ्या उतरल्या होत्या आणि त्यांना वर यायला जमत नव्हतं. बद्रीनाथने त्या एकेक करून उचलून वर दिल्या. उमा काठावरून म्हणाली, "पोहायला शिकलास एकदाचा."

एकदा बसमध्ये त्यांचे विभागातले सरच सपत्नीक भेटले. सरांनी दोघांकडे पाहिलं, मंगळसूत्राकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या दुसऱ्या थाळीकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. सोमवारी वर्गात कुणीच कुणाला काही विचारलं नाही.

काही रविवारी उमा यायची नाही. घरी पाहुणे येणार आहेत म्हणायची. त्या घरी पाहुण्यांची फार ये-जा आहे, असं बद्रीनाथला वाटायचं.

त्याला तिला एकच वाक्य सांगायचं होतं. दिवाळीच्या आत सांगायचं ठरलं होतं, मग संक्रांतीच्या आत, मग परीक्षेच्या आत. सरकारी योजनेसारखी त्या वाक्याला मुदतवाढ मिळत गेली.

पडेगावच्या पुढची साईट म्हणजे निर्झर नगरी. लांब दौलताबादचा किल्ला दिसत होता. काही शतकांपूर्वी एका सुलतानाने सबंध दिल्ली इथे आणून वसवायची ठरवली होती. साईट व्हिजिटची प्रथा तशी जुनीच.

"आज माळ दिसतोय, उद्या मॉल दिसंल," काकासाहेब माईकवरून सांगत होते.

उमा नेहमीप्रमाणे चुन्याच्या रेघांतून फिरायला लागली. कोपऱ्यावरच्या प्लॉटमध्ये शिरून तिने हात पसरले.

"ओटा इथं. खिडकी पूर्वेला. आणि अहो, घरात चपला घालून काय फिरताय?"

बद्रीनाथने चपला रेघेबाहेर काढल्या. जमीन तव्यासारखी तापली होती. तो स्वयंपाकघरातून बैठकीत आला, आणि पाय भाजत असतानाही तिथेच उभा राहिला.

"पोरी, तुमी घेताय व्हय इथं?"

विचारणाऱ्या बाई साठीच्या होत्या. मालनबाई. त्यांचे यजमान लक्ष्मणराव वाळूजच्या एका कंपनीतून रिटायर झालेले. हातात टोपी घेऊन ते मागे उभे होते.

"घेतोय की," उमा म्हणाली. "हा कोपऱ्याचा आमचा. यांनी पक्कंच केलंय."

"मंग आपल्याला यांच्या शेजारचा बघा ओ," मालनबाई यजमानांना म्हणाल्या.

"आगं, पाण्याचं तर इचारू दे."

"काका, नावातच पाणी हाय, अजून काय पायजे?" काकासाहेब तत्परतेने म्हणाले.

"शेजार चांगला असला म्हंजे पाण्याचंबी भागतं," मालनबाई म्हणाल्या. "आता ऱ्हातो तिथं समोरच्या बाईनं आजवर तोंड नाय उघडलं माझ्याशी. मेलं तरी कुनाला कळायचं नाय. ही पोर लई गोड बोलती."

परतताना बस शहरात शिरल्यावर उमा म्हणाली, "आपण बोलायला नको होतं."

"नाही घेणार ते. सगळे नुसते बघून जातात."

"आपण नुसते बघून जातो," उमा म्हणाली.

त्यांनी घेतला. हे बद्रीनाथला पुढचा उन्हाळा तोंडावर आल्यावर कळलं. लक्ष्मणरावांनी काकासाहेबांकडून नंबर मिळवून फोन केला होता.

"देशमुखसाहेब, घर झालं बरं का. म्हंजे दोन खोल्याच हायेत, पन झालं. वास्तुशांत ठिवलीय. जोडीनं यायचं. मालन म्हनती, मेहूण म्हनून तुमालाच जेवायला बसवायचं. पयला शेजार तुमचा."

बद्रीनाथने उमाला सांगितलं. गेले कितीतरी रविवार तिच्याकडे पाहुणे होते.

"मेहूण म्हणजे खरं जोडपं लागतं रे."

"मग नको म्हणून सांगतो."

"नको," ती म्हणाली. "आपल्यामुळे घेतलंय त्यांनी. जायला पाहिजे."

त्या दिवशी ती साडी नेसून आली. रिक्षावाल्याने फाट्यावरच सोडलं, पुढे रस्ता नव्हता. फक्की केव्हाच उडून गेली होती, कमानीचं एक अक्षर लोंबत होतं, आणि सगळ्या माळावर एकच घर होतं. अर्धं प्लास्टर झालेलं, दाराला प्लास्टिकचं तोरण. दारात टँकरच्या पाण्याचे दोन ड्रम, वर झाकण, झाकणावर दगड. मागच्या बाजूला बोअरचा पाईप जमिनीतून हातभर वर आला होता. त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं.

"लागलं नाय," लक्ष्मणराव म्हणाले. "लागंल. आजून लोकं आली म्हंजे समद्यांनी मिळून खोल घेऊ. तुमचं काम कवा काढताय?"

"लवकरच," बद्रीनाथ म्हणाला. उत्तर तो ठरवूनच आला होता. ते बोलून झाल्यावर काय करायचं, ते ठरवलेलं नव्हतं.

मालनबाई दोघांना आधी कोपऱ्याच्या प्लॉटवर घेऊन गेल्या. तो झाडून स्वच्छ केलेला होता.

"लई काटं झालं व्हतं. मीच काढती अधनंमधनं. पोरगी अनवाणी फिरंल म्हनलं, तिला सवय हाय." मग त्यांनी दोन प्लॉटांच्या मधे लावलेलं हातभर कडुनिंबाचं रोप दाखवलं. "भांडी इसळलेलं पानी घालती याला. मोठा झाला म्हंजे दुपारची सावली तुमच्याकडंच पडंल."

उमा खाली वाकून रोपाभोवतीचं आळं विनाकारण सारखं करत राहिली. बद्रीनाथने तिच्या हाताला लागलेली माती पाहिली, आणि त्याच्या मनाने एकदम हिशेब जुळवला. सांगितलेलं खोटं परत घेता येत नव्हतं. पण खरं करता येत होतं. नोकरी लागेल न लागेल, पाणी लागेल न लागेल. माणसं काय पाणी लागल्यावरच घरं बांधतात? परत जाताना फाट्यापर्यंत बराच रस्ता पायी होता. तिथे सांगायचं. आता मुदतवाढ नाही.

आत होमाचा धूर भरला होता. वीसेक माणसं असतील, बहुतेक कंपनीतल्या जुन्या ओळखीची. दोघांना पाटावर शेजारी शेजारी बसवलं. मालनबाई तांब्या-परात घेऊन पाय धुवायला वाकल्या, तेव्हा बद्रीनाथने पाय मागे घेतले.

"काकू, राहू द्या. पाणी कशाला..."

"देवाच्या कामाला पानी बघत नसत्यात. फुडं करा पाय."

त्यांनी त्याचे पाय धुतले, उमाचे धुतले, पदराने पुसले. कुंकू लावलं. उमाची ओटी भरली. ताटांत पुरणपोळी आली, आणि लक्ष्मणरावांच्या बहिणीने उमाचा हात धरला.

"आता नाव घ्या. त्याबिगर घास नाय."

"घ्या, घ्या," बायका म्हणाल्या.

बद्रीनाथला आपलं नाव कधीच आवडलं नव्हतं. गावात त्याला बद्री म्हणत, हॉस्टेलवर बद्दू. उखाण्यात ते कसं बसवणार, याची त्याला तिच्या वतीने काळजी वाटली. मग वाटलं, कसंही बसव. वर्षभर ही मुलगी माईकवाल्यांशी, इंजिनिअरांशी, वास्तुतज्ज्ञांशी पापणी न हलवता खोटं बोलली होती. आता पहिल्यांदा चारचौघांत खरं बोलणार होती. त्याने मान खाली घातली. कान तापले होते.

उमाने होमाकडे पाहिलं. समिधा अजून धुमसत होत्या. ती इतका वेळ गप्प राहिली की बायका हसायला लागल्या.

"अगं लाजती किती!"

मग ती एका दमात म्हणाली,

"नव्या घराच्या दाराला आंब्याचं तोरण,
देवेशरावांचं नाव घेते, वास्तुशांतीचं कारण."

टाळ्या पडल्या. मालनबाईंनी उमाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"देवेश व्हय! चांगलं नाव हाय की. इतक्या दिसांत सांगितलं नाय कुनी."

बद्रीनाथने उमाकडे पाहिलं. ती पोळीचा काठ सोडवत होती.

"होमापुढे खोटं घेववेना," ती ताटाकडे बघत, ओठ न हलवल्यासारखं म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "लग्न मे महिन्यात आहे."

लक्ष्मणराव तुपाची वाटी घेऊन पुढ्यात वाकले होते.

"देवेशराव, लाजू नका. घर तुमचंच हाय. तूप वाढू?"

"वाढा," बद्रीनाथ म्हणाला.