दामिनीसाठी विणलेली बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. साधीसुधी नव्हे, बाळंतिणीची. नागभीडकडच्या एका गावात तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, मासेमारांची आळी आहे. त्या अख्ख्या आळीत बाळंतिणीची बाज मी एकटीच. बिजा नावाच्या झाडाच्या लाकडाचे चार पाय, चार दांडे आणि अंबाडीची दोरी, एवढाच माझा पसारा. पण आळीतली निम्मी माणसं आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर मुतली आहेत. तेव्हा माझ्यासमोर कोणी मिशीला ताव देऊ नये.

माझी रीत अशी, की एखाद्या घरच्या सुनेला आठवा महिना लागला की त्या घरचा माणूस मला उचलून नेतो. जुनी दोरी काढतात, माझे पाय तलावावर धुतात, नवी दोरी विणतात. बाळंतीण लेकराला घेऊन सव्वा महिना माझ्यावर निजते, खाली निखाऱ्याची शेगडी असते. त्या धुरानं माझे दांडे काळे पडलेत, आणि मला त्याचा अभिमान आहे. पुढे बाया दवाखान्यात बाळंत व्हायला लागल्या, तरी घरी परतल्यावर माझ्यावरच टेकायच्या. मधल्या दिवसांत मात्र कोणी ढुंकून पाहत नाही. कामापुरता मामा नि ताकापुरती आजी म्हणतात, ते काही खोटं नाही.

या उन्हाळ्यात गोकुळाबाईची सून दामिनी आठव्या महिन्यात आली. मी शेजारच्या मंगलीच्या ओसरीत भिंतीला टेकून उभी होते. दोघींच्या घरांमधे नुसतं काट्यांचं कुंपण, त्यामुळे सगळं दिसायचं, ऐकूही यायचं. मी वाट पाहिली. मला न्यायला कोणी आलं नाही.

त्याचं कारण मला आधीच कळलं होतं. सोनोग्राफीत दिसलं होतं की पोटातल्या बाळाच्या पोटाची भिंत नीट मिटलेली नाही, बेंबीशेजारून त्याचं आतडं बाहेर आलंय. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, की बाळंतपण नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातच करायचं, कळा यायच्या आधीच तिथे जाऊन राहायचं. बाळ जन्मल्याबरोबर ऑपरेशनला नेतील, आईच्या कुशीत लगेच देणार नाहीत. बाळ वाचू शकतं, पण सगळी तयारी आधीच हवी.

दामिनीचा नवरा पिंटू तयारीला लागला. त्यानं गाडी ठरवली, रक्त द्यायला दोन चुलतभाऊ तयार केले, नागपुरात खोली पाहिली. दामिनी प्रत्येक गोष्टीला नुसतं हो म्हणायची. ती रडत नव्हती की भांडत नव्हती. एकदा मंगलीनं तिला कुंपणावरून विचारलं, "पोरी, भेव नाई लागत का?"

"काईच नाई लागत, काकू," दामिनी म्हणाली. "बसून बसून पाय बधिर होते नं, तसं अंगभर होऊन राह्यलं."

निघायच्या आदल्या दिवशी तिची नजर माझ्यावर पडली. बराच वेळ ती बघत राहिली. मग सासूकडे वळली. गोकुळाबाई अंगणात मासे साफ करत बसली होती.

"आई, बाज आणली नाई काऊन?"

"आणू नं. तू ये आधी सुखरूप."

"गाडी झाली, रक्त झालं, खोली झाली. माही घरी यायची तयारी कोणीच नाई केली."

गोकुळाबाईचा हात थांबला. मान वर न करता ती म्हणाली, "माह्या पयल्या वक्ताले विणली होती बाज. मी रित्या हातानं घरी आली. त्याच दिवशी लोकायनं बाज उचलून दुसऱ्या घरी नेली. मी भुईवर पडली, अन् आंगावर दूध येऊन राह्यलं होतं. विणलेली बाज तुह्या डोयासमोरून उचललेली पाहणं माह्यानं होणार नाई, बाई."

खरं आहे ते. आमच्या आळीत तशीच रीत होती. रित्या हातानं आलेल्या बाईला माझ्यावर निजू देत नसत, पुढच्या बाळंतिणीला ते बाधतं म्हणायचे. कोणी बाधलेलं मी तरी पाहिलं नाही.

दामिनीचा आवाज जराही चढला नाही. प्यायला पाणी मागावं तशी ती बोलली. "आई, बाज लेकराची नसते. बाळंतिणीची असते. लेकरू आलं त बी मी बाळंतीण, नाई आलं त बी बाळंतीणच. मले पडायले जागा ठेवा."

गोकुळाबाईनं हात धुतले. ती मंगलीकडे गेली, दोघींनी मला उचलून आणलं. पिंटूनं दोरी आणली. दिवसभर गोकुळाबाई विणत बसली आणि दामिनी दोरीचं टोक पुढे सरकवत राहिली. विणून झाल्यावर दामिनी म्हणाली, "आई, तुमी झोपून पाहा. ढिली त नाई?"

गोकुळाबाई आडवी झाली. दोरी चांगली ताठ होती, ते तिलाही कळलं असणार. तरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मासे तसेच पडले होते. मांजरानं त्यातला एक नेला. दामिनीनं सासूला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. काही दिवसांनी पिंटूचा फोन आला. मुलगी झाली. ऑपरेशन झालं, आतडं आत गेलं, पण ती अजून काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर हो म्हणत नाहीत नि नाहीही म्हणत नाहीत.

मी अजून अंगणात रिकामीच आहे. काल खालच्या घरचा देवाजी मला मागायला आला, त्याच्या सुनेला आठवा लागलाय. जरा चाचरत म्हणाला, "लेकराचं काई खरं नाई म्हणते, मंग बाज..."

"बाज गुंतली आहे," गोकुळाबाई म्हणाली. "माही सून घरी येणार आहे. तुमच्यासाठी दुसरी करून घेऊ."

मित्रांनो, माझं तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. तुमच्या घरची कोणी अशी दवाखान्यात गेली, तर ती निघायच्या आधीच तिची बाज विणून ठेवा. ती भरल्या हातानं येवो की रित्या, तिला भुईवर निजू देऊ नका.