पडद्यावरची कबुली

सक्करदऱ्यातल्या त्या मंगल कार्यालयात तीनशे माणसं मावतात. त्या रविवारी दुपारी आत सहाशे होती, आणि बाहेर तितकीच दाराशी रेटारेटी करत होती. खिडक्यांना घोंगड्या ठोकून अंधार केला होता. पडद्यापुढे चौरंगावर अंतर्दृष्टी महाराज बसले होते.

"माणसाचा डोळा चुकतो, यंत्राचा डोळा चुकत नाही!" महाराज सांगत होते. "आम्ही त्या डोळ्याला अंगारा लावला. आता तो झालं-गेलंही पाहतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. डोळ्याला राख फासली तर समोरचंही दिसेनासं होतं, एवढं साधं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

प्रोजेक्टर चालवायला मी होतो. शाळेत विज्ञान शिकवायला लागण्याआधी सात वर्षं मी सरकारी प्रचारगाडीवर माहितीपट दाखवत फिरलो होतो. महाराजांचा माणूस आजारी पडला, म्हणून गांधीबागेतले कापड व्यापारी भैय्याजी मला बोलवायला आले. महाराज त्यांच्याकडेच उतरले होते. गंमत पाहायला मिळेल, म्हणून मी हो म्हटलं.

'सक्करदऱ्याचं सत्य' असं त्या माहितीपटाचं नाव. महिन्याभरापूर्वी पुष्पलता नावाची बाई तळ्यावर कपडे धुवायला गेली आणि बुडाली. तिचा नवरा शालिकराम इतवारीत हातगाडी ओढायचा. पाय घसरून बुडाली, अंगावर माराची खूण नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. पण महाराजांचे शिष्य कॅमेरा घेऊन घरी आले, "बायकोच्या आत्म्याला शांती मिळेल" म्हणाले, आणि शालिकरामला त्यांनी बोलतं केलं.

पडद्यावर तळं आलं. पाण्यावर पांढुरकी पुष्पलता उभी राहिली. बाया किंचाळल्या. मग शालिकरामचा चेहरा दिसला, त्याची मान खाली गेली. मग तो बोलायला लागला, "मी तिले..." पडद्यावर परत तळं आलं, आवाज मात्र चालूच राहिला, "...मारून राहिलो होतो."

"ठेचा रे त्याले!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळं सभागृह उठलं. मला काहीतरी खटकलं होतं. पण सहाशे माणसं खवळलेली पाहून मी मुकाट्यानं रीळ गुंडाळलं आणि घरी आलो. याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शालिकरामची आई मनकर्णाबाई दारात उभी.

"मास्तर, पोरगा अन्नाले शिवून नाही राहिला. येत्या रविवारी साऱ्यांसमोर खून कबूल कर, तवाच बायको सुटन, असं महाराजानं सांगतलं त्याले. कबूल करतो अन् तसाच चौकीत जातो म्हनते."

मी तिच्याबरोबर गेलो. शालिकराम भिंतीकडे तोंड करून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"मास्तर," तो म्हणाला, "मी मारलं असन का जी तिले?"

लोकांचं सोडा, हा माणूस स्वतःच पडद्यावर विश्वास ठेवून बसला होता.

"तुले काय आठवते?"

"ते घरी नाही आली म्हून मी तळ्यावर गेलो, काठावरून वरडत होतो, येवढंच आठवते. पन पडद्यावर माहाच आवाज आहे ना जी? यंत्र काहून खोटं बोलन?"

"हाका म्हनला होता तो!" मनकर्णाबाई कळवळून म्हणाली. "मी बाजूलेच बसली होती. 'मी तिले घसा बसेपर्यंत हाका मारून राहिलो होतो,' असा बोलला. साऱ्याइले सांगून राहिली, कोनी आयकत नाही. मायचं कोन आयकते?"

काय खटकलं होतं ते मला आत्ता कळलं. 'मी तिले' म्हणताना शालिकरामचं तोंड दिसत होतं. 'मारून राहिलो होतो' म्हणताना मात्र तळं दिसत होतं, तोंड नव्हतं. 'घसा बसेपर्यंत हाका' एवढेच शब्द कात्रीनं काढले, आणि हाका मारणारा माणूस खुनी झाला. पण हे सांगून कोण ऐकणार? आईचं ऐकलं नव्हतं, माझंही ऐकलं नसतं.

मी शाळेचा टेपरेकॉर्डर उचलला आणि भैय्याजींच्या दुकानी गेलो. महाराजांविषयी दोन शब्द बोला म्हटलं. भैय्याजी खुलले. "मी रोज पहाटे उठून महाराजांले भक्तिभावानं हाका मारतो," इथपासून सुरुवात करून पाव तास बोलले. घरी येऊन मी दाढीचं ब्लेड घेतलं, दोन शब्दांची फीत कापून काढली आणि टोकं चिकटपट्टीनं जोडली.

रविवारी दाराबाहेरची गर्दी दुप्पट होती. शालिकराम धुतलेला सदरा घालून कोपऱ्यात उभा होता. आईनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. चित्रपट कबुलीपर्यंत आला तसा महाराजांनी हात वर केला.

"बोल बेटा! मोकळा हो!"

शालिकरामनं हात जोडले. त्याचे ओठ हलायला लागले, आणि मी प्रोजेक्टर थांबवून दिवे लावले.

"थांब, शालिकराम! आधी भैय्याजींची कबुली ऐका!"

टेप सुरू झाली. भैय्याजींचा भरदार आवाज सभागृहात घुमला. "मी रोज पहाटे उठून महाराजांले मारतो."

हशाचा असा फवारा उडाला की महाराजही दचकले. भैय्याजी लालबुंद होऊन उठले. "मी असा बोललोच नाही! मधातलं कापलं यानं!"

"बरोबर. कापलं," मी म्हणालो. "हेच ही माय आठ दिवसांपासून सांगून राहिली आहे."

हसू विरलं. मी रीळ मागे घेऊन शालिकरामच्या कबुलीचा तुकडा परत लावला आणि म्हटलं, शब्द सोडा, मागे गिरणीचा भोंगा वाजतोय तो ऐका. गिरणीत तीस वर्षं काढलेले रामाजी पुढेच बसले होते. ते कान देऊन ऐकत राहिले.

"हा आमचा भोंगा नाही गा," ते म्हणाले. "भोंगा चढते, मंग वर दम धरते, मंग उतरते. हा चढला अन् तसाच उतरला. मधातला दम कुठी गेला?"

"त्या दमातच हाका होत्या," मी म्हणालो.

मग मी सगळंच उलगडून सांगितलं. पाण्यावरची पुष्पलता एकदाही पापणी लववत नाही, कारण तो शिष्यांनी घरून मागून नेलेला लग्नातला फोटो आहे. काळ्या कापडावर ठेवून तळ्याच्याच फिल्मवर दुसऱ्यांदा उतरवलेला. शालिकरामची मान भुतासमोर खाली गेली नाही. त्याच्या हनुवटीपाशी वाफ दिसते, ती चहाची. चहा पिताना वाकलेली मान भुतानंतर जोडली, आणि तुम्हाला ती अपराध्याची वाटली.

"कलियुगात यंत्रालाही बाधा होते," महाराज पुटपुटले आणि मागच्या दारानं निघाले. खरं सांगतो, तेव्हाही तीस-चाळीस माणसं पायांवर डोकं ठेवायला त्यांच्यामागे धावली.

शालिकराम खालीच बसला. "म्हंजे मी नाही मारलं तिले?" त्यानं आईला विचारलं. तिनं त्याचं डोकं छातीशी घेतलं आणि तो ओक्साबोक्शी रडला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच रडत होता. खुनी म्हणून जगणाऱ्याला तिच्यासाठी रडण्याचीही सोय राहिली नव्हती.

तेव्हा एवढंच सांगायचं आहे. पडद्यावर दिसलं, कानांनी ऐकलं, म्हणून ते घडलं असं समजू नका. बोलणाऱ्याचं तोंड ऐन वेळी का दिसलं नाही, मधलं काय काढलं, कुणी काढलं, हे विचारा. त्याला ना विज्ञानाची पदवी लागते, ना अंगारा. पहिल्या रविवारी त्या सभागृहात सहाशे माणसं होती, आणि एकानंही विचारलं नाही. त्यांत मीही होतो.