मिनोटॉर दूध देते

तानाबाईंची अट एकच होती. "माझी मैना मरायची न्हाय. खोटं-खोटं बी न्हाय."

दीक्षानं माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे पाहिलं. वहीत लिहिलं होतं: मिनोटॉर. धड माणसाचं, डोकं बैलाचं, राहणार चक्रव्यूहात, शेवटी थीसियसच्या हातून मरतो. समोर उभी होती मैना. धड म्हशीचं, डोकं म्हशीचं, राहणार गंगावेस. दिवाळी पाडव्याला निघणाऱ्या म्हशींच्या मिरवणुकीत शिंगांना मोरपिसं लावून तानाबाईंच्या मोपेडमागे पळण्यात तिचा हात धरणारी दुसरी म्हैस नाही.

"पण मावशी, गोष्टच तशी हाय," दीक्षा म्हणाली. "तीन हजार वर्षं झाली, तो मरतोयच."

"मग दमला असंल की बिचारा. ऱ्हाऊ द्या आता."

दीक्षा माझी मामेबहीण. तिच्या पहिल्या लघुपटाची एकवीस मिनिटं झाली होती आणि शेवटचं एक मिनिट उरलं होतं. ते आजच व्हायला हवं होतं, कारण आमचा चक्रव्यूह म्हणजे हातकणंगल्याजवळचा भाऊसोमामांचा ऊस, आणि त्याला कारखान्याची तोड आली होती. टोळी सकाळपासून कोयते घेऊन रस्त्याकडेला बसली होती. संध्याकाळी चक्रव्यूह मोळ्या बांधून ट्रॉलीत जाणार होता. त्याआधी दीक्षाला एक शेवट हवा होता, आणि तोही कुणी न मरता.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, म्हणून संशोधन माझ्याकडे. ग्रीक वीरांवरचे अकरा नवे सिनेमे पाहून मी तक्ता केला होता. नायकाच्या हातात तलवार: अकरापैकी अकरा. पोटावर सिक्स पॅक: अकरा. 'नायक काही विसरतो का?' या रकान्यात मात्र शून्य. हे मला खटकत होतं, कारण मूळ कथेतला थीसियस भयंकर विसरभोळा आहे. जिच्या दोऱ्यामुळे तो चक्रव्यूहातून बाहेर येतो, त्या आरिआड्नीलाच तो एका बेटावर सोडून जातो. पुढे, जिवंत परतलो तर काळं शीड काढून पांढरं लावीन, असं बापाला दिलेलं वचनही विसरतो. काळं शीड बघून बाप कड्यावरून उडी टाकतो. सिनेमावाले हे सगळं गाळतात. घरातल्याच माणसासारखा विसरभोळा हिरो तिकीट काढून कोण बघणार?

तलवारही आम्ही काढून टाकली होती. कुस्तीचे डाव पहिल्यांदा थीसियसनं शोधले, असं एक जुनी आख्यायिका सांगते. हे ऐकून विजयसिंह पैलवान मांडीवर थाप मारून म्हणाला होता, "म्हणजे गडी आपल्यातलाच की!" आणि त्यानं थीसियसचं काम लंगोटावर करायचं कबूल केलं.

आरिआड्नी कुणी मिळाली नाही. म्हणून पांढरी चादर गुंडाळून मलाच बांधावर उभं केलं. हातात तांबड्या लोकरीचा गुंडा.

"सोनम, काय बी होऊ दे," दीक्षा म्हणाली, "दोरा सोडायचा न्हाय."

बांधावरच्या बांबूला काळं फडकं बांधलेलं होतं. हे आमचं शीड. मामांनी त्याचीच खूण ठरवून टाकली. "हे बघ दीक्षा, काळं हाय तवर कोयत्याला हात लावू देत न्हाय. पांढरं दिसलं की टोळी सोडणार. आणि लवकर उरका. टोळी काय माझ्या सासऱ्याची न्हाय, थांबा म्हटलं की थांबायला."

आता एक तांत्रिक अडचण. उसाची सरी सरळ असते. नाकासमोर चालत राहिलं की कुणीही बाहेर येतो. पण मागच्या वाऱ्यात मधला ऊस आडवा-तिडवा लोळला होता, आणि तिथं सरीचा पत्ता लागत नव्हता. मैनाला तिथंच उभं केलं होतं.

विजयसिंह आत शिरला. कमरेला लोकरीचं टोक, अंगाला तेल, आणि उसाची कूस टोचते म्हणून खांद्यावर एक चादर. त्याच्यामागे कॅमेरा घेऊन दीक्षा. माझ्या हातातला गुंडा सुटत गेला. दहा मीटर, वीस, चाळीस. मग थांबला.

आतून आवाज आला. "दीक्षा, ही बघत्या माझ्याकडं."

"बघू दे की. तू शड्डू ठोक."

विजयसिंहनं शड्डू ठोकला. त्या 'फट्-फट्' आवाजात मैनाला काय ऐकू आलं हे आम्हाला उशिरा समजलं. तिला वाटलं, मोपेड सुरू झाली.

"आयोऽऽ! आली, आली, आली!"

लोकर माझ्या बोटांतून सर्रकन पळाली. ऊस कडाकडा मोडला. विजयसिंह भलत्याच बाजूनं बाहेर उडाला आणि पाटात पडला. कमरेचा दोरा त्यानं केव्हाच उपसून टाकला होता.

"माणूस असता तर धरला असता की!" तो चिखलातून ओरडला. "शिंगाला कुठला पट काढू, कुठला डाव टाकू?"

तो उठला. बांबूवरचं काळं फडकं ओढून त्यानं तोंड पुसलं. चादर पाटात खळखळून धुतली, पिळली आणि वाळायला बांबूवर टाकली. पांढरीशुभ्र.

मी बघत होते. खरंच सांगते, मी बघत होते, आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच आलं, की विसरण्याचा रकाना अखेर भरला. पुढचा विचार यायच्या आत रस्त्यावरून मामांचा आनंदानं फाटलेला आवाज आला. "झालं रेऽ! सोडा टोळी!"

ग्रीसमध्ये काळ्या शिडानं घात केला. आमच्याकडे पांढऱ्यानं केला.

कोयते तिन्ही बाजूंनी सुरू झाले. दीक्षा मोडक्या उसातून बाहेर आली, केसांत पाचट. "बाबा! थांबवा! शेवट न्हाय झाला माझा!"

"आता कसं थांबवू? पांढरं कुणी लावलं?"

सगळ्यांनी विजयसिंहकडे बघितलं. विजयसिंहनं चादरीकडे बघितलं. "आयला," तो म्हणाला.

तासाभरात चक्रव्यूहाच्या भिंती आडव्या झाल्या. आणि मोकळ्या रानाच्या मधोमध मैना उभी, शिंगात तांबडी लोकर, तोंडात उसाचं वाढं. टोळीतल्या बायका कमरेवर हात ठेवून हसत होत्या. तानाबाई मात्र धावत गेल्या आणि तिला सगळीकडून चाचपून आल्या. "मारली न्हाय न्हवं?"

"न्हाय वो मावशी," दीक्षा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "काहीच झालं न्हाय. मारामारी न्हाय, शेवट न्हाय."

मामांनी तिच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळे ट्रॅक्टरकडे चहाला गेले. विजयसिंह दोन कप घेऊन बसल्याचं मला लांबूनही दिसलं.

मी बांधावरच उभी होते. चादर गुंडाळलेली, हातात संपत आलेला गुंडा. दोरा सोडायचा नव्हता आणि चहाला कुणी हाक मारली नव्हती. मग लक्षात आलं, की मला बेटावर सोडून सगळे गेलेत.

मला एकदम हसू फुटलं. मी दोरा गुंडाळायला लागले. लोकर हलली तशी मैनानं मान वर केली आणि वाढं चघळत माझ्या दिशेनं निघाली. मी गुंडाळत होते, ती येत होती. शेवटी हातभर लोकर उरली आणि तिचं ओलं नाक माझ्या पोटाला लागलं.

"हलू नकोऽऽस!" ट्रॅक्टरवरून दीक्षा किंचाळली. एका हातात कप, दुसऱ्या हातात कॅमेरा. "तशीच! आता दोघी जावा! लांब जावा!"

आम्ही निघालो. पाच पावलं नीट झाली. सहाव्याला रस्त्यावर तानाबाईंनी मोपेडला किक मारली, कारण धारेची वेळ झाली होती. मैनानं कान टवकारले आणि पळत सुटली. दोरा माझ्या मनगटाला गुंडाळलेला. मीही सुटले, चादर उडवत, मोठमोठ्यानं हसत. शेवटची फ्रेम तीच आहे: मोकळं रान, पुढे मिनोटॉर, मागे आरिआड्नी, आणि कोपऱ्यात अर्धवट दिसणारा नायक, जो दुसऱ्या कपात बिस्कीट बुडवतो आहे.