झुंबरबागेतला झोका

झुंबरलालजींनी परतूर-मंठा रोडला बाग काढली तेव्हा लोक हसले. मोसंबीच्या जमिनीत कोणी पुतळे लावतं का म्हणून. मी पण हसले असते, पण त्यांनी पुतळ्यांची तोंडं आमच्याच गावातली घेतली, मंग हसायचं कसं. मोट हाकणारा पुतळा म्हणजे आमचा चुलत दीर अप्पाराव. जात्यावर तुळजाबाई. तिला जिवंतपणी कोणी घटकाभर गप्प पाह्यलं न्हाई, ती तिथं कायमची गप्प बसली. आन झोक्यावर माझी लेक, अर्पिता.

सोळा वर्षांची होती. मूर्तिकार बाहेरगावचा. त्यानं तिला आमच्या लिंबाखाली झोक्यावर बसवलं आन मातीचा गोळा घेऊन दिवसभर तिच्या तोंडाकडे बघत राह्यला. मी शेजारी खुरपं घेऊन बसले, त्याला कळावं म्हणून. पण माणूस कामाचा निघाला. हसताना तिच्या एकाच गालाला खळी पडायची, ती बराबर धरली. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, ती पण सोडली न्हाई. एक हात दोरीवर, दुसरा मोकळा, कोणाला तरी बोलावल्यावाणी पुढं केलेला.

झुंबरलालजी म्हणाले, "पुष्पाबाई, पोरीचं तोंड घेतलं, त्याचं मोल माझ्याच्यानं होणार न्हाई. तुमच्या घरच्या माणसाला या फाटकात तिकीट न्हाई."

पुढं अर्पिताचं लग्न झालं, हसनाबादला दिली. दुसऱ्या नागपंचमीला मी तिची मुऱ्हाळी म्हणून गेले. लेकीला माहेरी न्यायला कोणीतरी जावंच लागतं, तशी उठून ती येत न्हाई. सासू म्हणाली, दिवस भरत आले, पाठवत न्हाई. मी चहा पिऊन परत फिरले. पुढच्या आठवड्यात ती बाळंतपणात गेली. पोरगी वाचली.

बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते म्हणतात. सासरच्यांनी मसणवट्यापासून दारापर्यंत मोहरी शिंपडली, तिनं वाट धरून परत येऊ नये म्हणून. मी त्या वाटेवर बसून मोहरी वेचली, पदरात. लोक म्हणाले बाई कामातून गेली. म्हणू दे. माझी लेक हडळ न्हाई हे मी अख्ख्या भावकीला तोंडावर सांगितलं, आन माझ्यासमोर तो शब्द काढायची पुन्हा कोणाची छाती झाली न्हाई.

नातीला मी घेऊन आले. प्रियदर्शनी तिचं नाव, आम्ही दर्शनी म्हणतो. लग्नाच्या फोटोत अर्पिताची मान खाली, मुंडावळ्यांच्या आड तोंड. असल्या फोटोतून पोरीला आई कशी दाखवायची? म्हणून दरसाल पंचमीच्या आधी मी तिला बागेत न्यायची, झोक्यासमोर उभी करायची आन म्हणायची, ही बघ तुझी आई, अशी हसायची. मंग पुतळ्याच्या मोकळ्या हातात नव्या हिरव्या बांगड्या भरायच्या. फायबरचा हात दबत न्हाई, म्हणून कासाराकडून दोन माप मोठ्या घ्यायच्या. कासार विचारायचा, कोणासाठी. मी म्हणायची, लेकीसाठी, अंगानं भरलीय.

झुंबरलालजी गेले आन नातू हर्ष पुण्याहून शिकून आला. आधी त्यानं कारंजं बंद केलं. मंग उंट गेला. हुरड्याची आगटी विझली, तिथं चिप्सची पाकिटं लटकली. माळी काढले, पाणीवाला काढला. दरसाल जावं तर काहीतरी कमी. तरी लोक जात राह्यले, कारण ज्याचं त्याचं तिथं काहीतरी ठेवलेलं होतं. कोणाची सोयरीक त्या कारंज्यापाशी जुळलेली, कोणाचा मेलेला बाप एकदा त्या उंटावर बसून भेदरलेला.

काटकसर मला कोणी शिकवू नये. एका काडीत दोन चुली पेटवणारी बाई आहे मी. पण काटकसर करणारी बाई आधी आपल्या ताटातली भाकर कमी करते. हा पाहुण्यांच्या ताटातली काढून राह्यला होता.

यंदा पंचमीच्या आधीच्या रविवारी दर्शनीला घेऊन गेले, तर तिकिटाच्या खिडकीत भंवरीबाई बसलेली. झुंबरलालजींची बायको, हर्षची आजी. जिच्या हाताखाली सहा बाया राबायच्या, ती.

"आता तू तिकिटं फाडायला लागली का, भंवरीबाई?"

"खिडकीवरचा माणूस काढला हर्षनं. म्हणे दादी, तू तशीही बसूनच असतेस." ती माझ्याकडे बघेना. "पुष्पाबाई, आज आत नको जाऊ."

"का? पुतळ्यांना सुट्टी दिली का?"

ती हसली न्हाई. हळूच म्हणाली, "आता तुझं पण तिकीट लागतं. मी काय बोलू."

मी नोट काढून खिडकीत ठेवली. तिनं दोन तिकिटं दिली, नोट उचलायची राह्यली. मला वाटलं वय झालं.

आत गाव उठून गेल्यावाणी दिसत होतं. मोटेपाशी अप्पाराव न्हाई, सिमेंटच्या चौथऱ्यातून नुसत्या सळया वर आलेल्या. जात्यापाशी तुळजाबाई न्हाई. झोक्याच्या जागी झाड होतं, झोका नव्हता.

"आजी, आई कुठंय?" दर्शनीनं विचारलं.

पलीकडे पत्र्याची शेड होती, तिच्यावर लाल रंगात लिहिलं होतं, भूतबंगला. लोक रांगेनं आत जाऊन राह्यले होते. आम्ही पण गेलो.

आत अंधार, एक लाल बल्ब. स्पीकरच्या पेटीतून बाईची किंकाळी निघायची, दर वेळी एकाच जागी तुटायची. पहिल्या वळणावर अप्पाराव उभा होता. डोक्यात कुऱ्हाड, मोटेचा कासरा काढून हातात हाडूक दिलेलं. मी दर्शनीचा हात धरला, पण मागून लोक ढकलत होते, मागं फिरता येईना.

शेवटच्या कोपऱ्यात झोका होता. पांढरं लुगडं, तागाचे मोकळे केस, तोंड काळं रंगवलेलं, ओठापासून गळ्यापर्यंत लाल ओघळ. झोका मागं जायचा, पुढं यायचा. मागची पोरं मजेनं ओरडली, "हडळ आली, हडळ आली."

मी तोंडाकडे पाह्यलंच न्हाई. पायाकडे पाह्यलं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. मंग हाताकडे. मोकळ्या हातात मागच्या वर्षीच्या माझ्या हिरव्या बांगड्या. सगळं रंगवलं, पण बांगड्या काढायची तसदी कोणी घेतली नव्हती.

दर्शनी रडली न्हाई. इतकंच म्हणाली, "आजी, चल इथून."

हर्ष ऑफिसात पंखा बंद करून घामेजलेला बसला होता. स्वतःलाही सोडत न्हाई, एवढं मात्र खरं. मी उभ्यानंच बोलले.

"माझ्या लेकीचं काय केलं?"

त्याला कळायला वेळ लागला. "आजी, तो पुतळा… बघा, पुतळे बघायला आता कुणी येत नाही. नवीन घ्यायची ऐपत नाही. जे होतं त्यालाच रंग दिला. बैलगाडीवाले भंगारात घालावे लागले, हे निदान वाचले."

"वाचले? माझी लेक बाळंतपणात गेली. गाव तिला जे म्हणत होतं ते मी म्हणू दिलं न्हाई. आन तू तिकीट लावून म्हणवून घेतलंस."

"मला खरंच माहीत नव्हतं. पण खरं सांगू? तुमच्यासारखे जुने लोक फुकट येतात आणि बाग तशीच राहावी म्हणतात. तशी ठेवायला लागतं ते कुठून आणू?"

"तुझ्या आजोबानं तोंड फुकट घेतलं होतं, म्हणून येणं-जाणं फुकट. तोंड बदललंस तर सौदा मोडला." मी दोन्ही तिकिटं त्याच्या टेबलावर ठेवली. "आन तिला हलवायला मोटर बसवायची ऐपत बरी झाली."

"मोटर कुठली? कल्याण म्हणून एक पोरगा होता, तो पडद्याआडून दोरी ओढायचा. त्यालाही गेल्या महिन्यात काढलं."

"मंग आत्ता कोण ओढून राह्यलं होतं?"

हर्षनं शेडीकडे पाह्यलं. मंग म्हणाला, "हवा असेल."

पत्र्याची शेड, त्याला दोन दारं, दोन्हीवर काळे जाड पडदे. बाहेर लिंबाचं पान हलत नव्हतं.

भंवरीबाई खिडकी सोडून आली होती. दारातूनच म्हणाली, "हर्ष, पुतळा देऊन टाक."

"दादी, रविवारी लोक तोच बघायला येतात."

मी पदर सारखा केला. "मी भीक मागायला आले न्हाई. मुऱ्हाळी म्हणून आले. पंचमीला लेक माहेरी न्यायची असते, आन जिथं नांदते तिथल्यांना विचारायचं असतं. म्हणून विचारते."

हर्षनं मनातल्या मनात हिशेब केला. व्यापाऱ्याचंच रक्त. "न्या. पण माहेरी नेलेली परत पाठवतात, आजी. पंचमी झाली की पाठवायची."

माझ्याच रिवाजानं त्यानं मला बांधलं. मी म्हटलं, "पाठवीन. शब्द."

टेम्पोतून पुतळा घरी आला. झोक्याशिवाय त्याला बसवायचं कुठं, तर पडवीतल्या दिवाणावर बसवला. दुसऱ्या दिवशी मी लुगडं काढून माझी हिरवी साडी नेसवली आन रॉकेलचा बोळा घेऊन तोंड पुसायला बसले. काळा रंग हलका होता, स्वस्तातला, भराभर निघाला. पण त्याच्याबरोबर खालचा पण निघाला. आधी ओठ गेले. मंग भुवया. मी हात थांबवला तेव्हा एक डोळा उरला होता, तो पण फिसकटला. खळीच्या जागी नुसता खड्डा राह्यला, राखाडी.

दर्शनी माझ्या मागं उभी होती. पोरीनं माझ्या हातातला बोळा काढून घेतला आन पुतळ्याच्या डोक्यावरून पदर पुढं ओढला, लग्नाच्या फोटोत आहे तसा.

पंचमीच्या आदल्या दिवशी हर्षचा फोन आला. आवाज वेगळाच होता.

"आजी, पुतळा परत पाठवू नका. तुमच्याकडेच ठेवा."

"का रे? एवढा उदार झाला?"

"रिकामा झोका हलतोय. लोक त्याचे व्हिडिओ काढून राहिलेत. काल दुप्पट गर्दी झाली." मंग हळू आवाजात, "तुम्ही काही केलं का आजी?"

मी फोन ठेवला. पडवीत येऊन त्या पदर घेतलेल्या पुतळ्याकडे पाह्यलं. मी फायबर घरी आणलं होतं. लेक तिथंच बसून होती, अंधारात, पोरांच्या ओरडण्यात. मुऱ्हाळी आली आन भलत्यालाच घेऊन गेली.

पंचमीला पुरण घातलं, वारुळाला जाऊन आले, आन दर्शनीला म्हटलं, चप्पल घाल. रिक्षा केली. खिडकीत भंवरीबाई होतीच. मी पैसे पुढं केले तर तिनं माझा हात मागं लोटला. "आज न्हाई घेणार. हर्षला काय सांगायचं ते सांगते मी." मंग ती उठली, शेडीकडे गेली, पेटीचा आवाज बंद केला आन बाहेरच्या लोकांना म्हणाली, "जरा थांबा, घरची माणसं आलीत."

किंकाळी बंद झाल्यावर आत फक्त दोरीचा आवाज राह्यला. कर्र, कर्र. लाल उजेडात रिकामी फळी मागं जात होती, पुढं येत होती. जोरात न्हाई. कोणी कंटाळून पायानं रेटावं तशी.

मी फळीखाली हात घातला. फळी थांबली, पण जड. लिंबाखालचा झोका मीच बांधायची, मीच सोडायची. रिकाम्या फळीचं वजन माझ्या हाताला माहीत आहे.

"अर्पिता," मी म्हटलं, "मागं न्यायला आले तवा चहा पिऊन परत गेले. दारातच ठाण मांडून बसायला पाह्यजे होतं, ते आज बसते. तुझी मोहरी मी सगळी वेचलीय. वाट मोकळी आहे. ऊठ, बाई."

दर्शनीनं पिशवीतून नव्या बांगड्या काढल्या आन फळीवर ठेवल्या. मान तिरपी करून ती असं हसली की त्या लाल उजेडात तिच्या गालाला खळी पडलेली मी पहिल्यांदा पाह्यली. की आधीपण पडायची, आन मी पुतळ्याकडे बघत राह्यले, कोण जाणे.

माझ्या तळहातावरची फळी हळूहळू हलकी झाली. निजलेलं पोर मांडीवरून कोणी अलगद उचलून घ्यावं, तशी. मंग मी हात काढला. झोका हलला न्हाई.

दारात पडदा धरून हर्ष उभा होता. "आजी, झोका थांबला."

"मोटर बसव," मी म्हटलं. "आता जरा खर्चा कर. तुझं फायबर उद्या पाठवते, शब्द दिलाय."

दर्शनीनं बांगड्या उचलल्या. फाटकापाशी भंवरीबाईनं आम्हा दोघींना कुंकू लावलं, आन करंडा बंद करायच्या आधी थोडं थांबून, आमच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत, बोट पुन्हा कुंकवात बुडवलं.

रिक्षात दर्शनी एका कडेला बसली, मी दुसऱ्या. मधे कोणी सांगितलं नव्हतं, तरी जागा सुटली. रिक्षावाल्यानं आरशातून पाह्यलं, चावी तशीच धरून थांबला.

"मावशी, अजून कोणी यायचंय का?"

"न्हाई काका," दर्शनी म्हणाली, "आली. चला."