माझ्यामागे कोणी नाही

मित्रांनो, मी मोटारीचा एक जुना पिवळा दिवा आहे. पण मोटारीवर मी एक दिवसही लागलो नाही. डेट्रॉइटच्या एका कारखान्यात माझी काच साच्यातून निघाली, तेव्हा तिच्यात मोहरीएवढा बुडबुडा राहिला होता. तपासनिसाने मला नापासांच्या पेटीत टाकले. तिथून मला रॉस्को पेटवे यांनी उचलले. एकतीस वर्षे त्यांनी मोटारींना दिवे बसवले. स्वतः मात्र सायकलवर फिरत. त्यांची पत्नी अर्लीन म्हणे, "जगाच्या गाड्या उजळल्यास. आता तुझ्या दोन चाकांना काहीतरी लाव."

त्यांनी नापास झालेली आणखी एक काच आणली, ती माझ्या पाठीला जोडली आणि मला माणसाच्या उंचीच्या सळईवर चढवले. त्यामुळे मी पुढून दिसे तसाच मागूनही दिसे.

त्या शहरात रस्ते आठ-आठ पदरी. एकट्या सायकलस्वाराला मोटारवाले माशीसारखे झटकत. म्हणून दर सोमवारी रात्री शेकडो सायकली एकत्र निघत. प्रत्येक चौकात ताफ्यातले दोघे आपल्या सायकली मोटारींसमोर आडव्या लावत आणि सगळे पार होईपर्यंत, सिग्नल लाल झाला तरी, रस्ता धरून ठेवत. तो कधी सोडायचा, हे मी सांगत असे. मी शेवटच्या सायकलवर असे. माझ्या उजेडाचा अर्थ एकच होता : माझ्यामागे कोणी नाही.

अकरा वर्षे रॉस्को मला घेऊन ताफ्याच्या शेवटी चालले. कोणाला धाप लागो, कोणाचे चाक बसो, ते थांबत, म्हणून मीही थांबे. ओट्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या बायका मला पाहून टाळ्या वाजवीत. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे ताफा वाढला आणि मोटारवाल्यांचा संतापही वाढला. क्विंटन नावाचा उमदा माणूस ताफ्याचा प्रमुख झाला. एका बैठकीत तो म्हणाला, "अंकल रॉस्को, तुमच्यापायी चौक दहा-दहा मिनिटं अडतात. लोक आता नुसते हॉर्न नाही वाजवत, आईवरून शिव्या घालतात."

एकाहत्तर वर्षांच्या रॉस्कोंनी वाद घातला नाही. सळई त्याच्या हाती देत ते म्हणाले, "घे. पण हा उजेडासाठी नाही, बरं का. वाटेत कोणी थांबलं की तूही थांबायचं."

क्विंटनने मान डोलावली. बैठकीतल्या माना अशाच डोलतात.

तिसऱ्याच सोमवारी डेल्फिन नावाच्या एका नव्या बाईची साखळी उतरली. रॉस्को रस्त्याच्या कडेला ओणवे होऊन ती बसवू लागले. आम्ही त्यांच्या शेजारून पुढे गेलो. क्विंटनने मान वळवली. हँडल हलले आणि सळई थरथरली, म्हणून मला ते कळले. इतक्यात पुढच्या चौकातून लांबलचक हॉर्न आला आणि त्याने पायडलवर जोर दिला. मित्रांनो, मी पाहत होतो. मला वाचा नव्हती. चौकात आडव्या उभ्या असलेल्या दोघांनी मला पाहिले, हात उंचावला आणि सायकली काढून घेतल्या. त्यांचे काहीच चुकले नाही.

मागे काय झाले, ते डेल्फिनने नंतर अर्लीनच्या स्वयंपाकघरात सांगितले. आपण मागे राहिलो का, असे तिने विचारले होते. ओणवे असल्याने रॉस्कोंनी मला जाताना पाहिलेच नव्हते. ते म्हणाले, "घाबरू नकोस, बाई. दिवा अजून मागंच आहे. तो गेल्याशिवाय रस्ता सुटत नाही." नियम त्यांचाच होता आणि अकरा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. सिग्नल लाल होता. ते पुढे झाले.

वर्तमानपत्राने चार ओळी दिल्या : वृद्ध सायकलस्वाराने सिग्नल मोडला, मोटारीखाली ठार. माझा उल्लेख नव्हता.

आठवड्याने त्या चौकात, रस्त्यावर मेलेल्या सायकलस्वारासाठी तिथे करतात तशी, त्यांची सायकल पांढरी रंगवून खांबाला बांधण्यात आली. क्विंटन मला पुसून, नवी बॅटरी घालून घेऊन आला. "आंटी अर्लीन, हा इथं लावतो. रोज रात्री पेटेल."

अर्लीनने माझ्या बटणावर हात ठेवला. "त्या दिवशी तो तुला दिसला होता ना?"

क्विंटनने सळई खाली टेकवली. "दिसले होते. वाटलं, येतील मागनं."

"मग हा इथं पेटवू नकोस. हा पेटला म्हणजे मागं कोणी राहिलं नाही. माझा माणूस मागं राहिला."

तिने रॉस्कोंच्याच पकडीने माझी तार कापली.

आता मी तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, त्या पकडीशेजारी पडून आहे. माझ्या काचेवर धूळ बसली, त्याचे मला दुःख नाही; पुसली की धूळ जाते. मित्रांनो, तुमच्या हाती कधी शेवटचा दिवा आला, तर त्याची काच पुसण्याआधी मागे वळून पाहा. दिव्याला मान वळवता येत नाही.

सोमवारी रात्री ताफा आजही या खिडकीखालून जातो. शेवटच्या सायकलवर दुकानातून आणलेला लुकलुकणारा नवा दिवा असतो. तो माझ्याहून प्रखर आहे, असे म्हणतात. तो गेल्यावरही अर्लीन खिडकीतून हलत नाही. मला आतून काही दिसत नाही. फक्त त्या दिव्याच्याही मागे राहिलेल्यांचे तिचे मोजणे ऐकू येते. गेल्या सोमवारी ती तीनपर्यंत पोहोचली.